हंगेरियनमधल्या १८ विभक्तींचा बाऊ नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी शिक्षणावरच्या आपल्या पुरवणीत हंगेरियन भाषेची बोळवण एका वाक्यात झाली. या भाषेत १८ विभक्ती आहेत, त्यामुळे इंग्रजीवर भागवावे आणि तिच्या वाटेला जाऊ नये, असा सल्ला तिथे दिला होता. हंगेरियन सरकारची ‘स्टिपेंडियम हंगेरिकम’ शिष्यवृत्ती २०१३ मध्ये सुरू झाली आणि ती भारतीय विद्यार्थ्यांनाही मिळते. सेगेद, पेच, देब्रेत्सेन इथल्या विद्यापीठांत वैद्यकीय अभ्यासक्रम इंग्रजीतून शिकवला जात असला, तरी वॉर्डातला रुग्ण हंगेरियनच बोलतो. मुंबईतून तिकडे निघालेल्या मुलांनी नुसता आकडा ऐकून हातपाय गाळावेत, हे आम्हाला मान्य नाही. हंगेरियन नामाची घडण मराठी माणसाच्या अंगवळणी पडलेल्या घडणीच्या खूप जवळ आहे. अडचण होते ती ही भाषा इंग्रजीतल्या ‘इन’, ‘ऑन’, ‘ॲट’च्या मार्गाने किंवा शाळेतल्या आठ विभक्तींच्या तक्त्यात कोंबून शिकवल्यामुळे.

आधी लिपीबद्दल थोडे. हंगेरियन शब्द इथे उच्चारानुसार देवनागरीत दिले आहेत. ‘ऑ’ हा तिथे आखूड स्वर आहे आणि ‘आ’ त्याची लांब जोडी. ‘ॲ’ आखूड, ‘ए’ लांब. ओठ ‘ओ’साठी गोल करून ‘ए’ म्हटले की जो स्वर निघतो त्याला आपल्याकडे अक्षर नाही. जर्मन नावांत आपण लिहितो तसा तो इथे ‘यो’ असा लिहिला आहे, आणि तशाच गोल ओठांच्या ‘इ’ला ‘यु’.

आता १८ चा हिशेब. त्यातले नऊ प्रत्यय निव्वळ जागेचे आहेत. उरलेल्या नऊंपैकी प्रथमेला प्रत्ययच नाही. मग कर्माचा ‘-त’, ‘ला’ या अर्थाचा ‘-नॉक’ किंवा ‘-नॅक’, ‘ने’ आणि ‘बरोबर’ या दोन्ही अर्थांचा ‘-वॉल’ किंवा ‘-वॅल’, ‘साठी’चा ‘-एर्त’, ‘पर्यंत’चा ‘-इग’, एका वस्तूची दुसरी वस्तू होते तेव्हाचा ‘-वा’ किंवा ‘-वे’, ‘डॉक्टर म्हणून’ यातल्या ‘म्हणून’चा ‘-केंत’, आणि रीत सांगणारा ‘-उल’ किंवा ‘-युल’, ज्यातून ‘मॉद्यॉरुल’ म्हणजे ‘हंगेरियनमधून’ हा शब्द होतो. काही व्याकरणे ‘वाजता’चा ‘-कोर’ आणि ‘सकट’चा ‘-श्तुल’ हेही विभक्तीत धरतात, मग आकडा विशीच्या घरात जातो. काही जण १७ वर थांबतात. म्हणजे १८ हा मोजणाऱ्याच्या कसोटीवर ठरणारा आकडा आहे. तीच कसोटी मराठीला लावून पाहा: त, तून, वर, वरून, कडे, कडून, पाशी, हून, ला, ने, शी, साठी, पर्यंत, सकट, शिवाय, प्रमाणे, बद्दल. आपण यातल्या काहींना प्रत्यय म्हणतो आणि बाकीच्यांना शब्दयोगी अव्यये, पण बोलणाऱ्याच्या तोंडी सगळे सारख्याच सहजतेने सामान्यरूपाला चिकटतात.

हंगेरियनमध्येही आजचे काही प्रत्यय पूर्वी सुटे शब्द होते. तिहान्य मठाच्या १०५५ सालच्या लॅटिन सनदेत हंगेरियनचे विखुरलेले तुकडे आहेत. त्यांतल्या ‘फेहेरवारला जाणाऱ्या लष्करी रस्त्यापर्यंत’ या अर्थाच्या तुकड्यात ‘रेआ’ हा शब्द दोनदा वेगळा लिहिलेला दिसतो. तोच आज ‘-रॉ’ किंवा ‘-रॅ’ होऊन नामाला कायमचा चिकटला आहे. ‘-बॉन’, ‘-बॉ’, ‘-बोल’ ही तीन रूपे ‘बेल’ म्हणजे आतडे, आतला भाग, या नामातून निघाली. मराठीतला ‘त’ही ‘आंत’मधूनच आला, जुन्या पुस्तकांत ‘घरांत’ असा अनुस्वार दिसतो तो त्याचीच खूण.

जागेचे नऊ प्रत्यय समजले की अर्धी लढाई जिंकली, म्हणून तिथे जरा थांबू. हे नऊ म्हणजे तीन संच, प्रत्येकात तीन रूपे. पहिला संच ‘आत’चा, दुसरा ‘वर’चा, तिसरा ‘जवळ’ किंवा ‘कडे’चा. प्रत्येक संचात एक रूप असण्याचे, एक पोहोचण्याचे, एक निघण्याचे. ‘हाझ’ म्हणजे घर: हाझबॉन (घरात आहे), हाझबॉ (घरात गेला), हाझबोल (घरातून निघाला). ‘ऑस्तॉल’ म्हणजे टेबल: ऑस्तॉलोन (टेबलावर आहे), ऑस्तॉलरॉ (टेबलावर ठेव), ऑस्तॉलरोल (टेबलावरून उचल). ‘ओर्वोश’ म्हणजे डॉक्टर: ओर्वोशनाल (डॉक्टरकडे आहे), ओर्वोशहोझ (डॉक्टरकडे गेला), ओर्वोशतोल (डॉक्टरकडून आला).

कंसांतली मराठी पुन्हा वाचा. तीनही संच आपल्याकडे आहेत: त, वर, कडे. निघण्याची रूपेही वेगळी आहेत: तून, वरून, कडून. नाही ते एवढेच की ‘असणे’ आणि ‘पोहोचणे’ यांत मराठी फरक करत नाही. ‘घरात आहे’ आणि ‘घरात गेला’ दोन्हीकडे ‘घरात’च. मराठी विद्यार्थ्याची सर्वांत जास्त चुका करणारी जागा हीच, आणि आपल्या लेखाच्या चौकटीतही तेच झाले: ‘-बॉन’ आणि ‘-बॉ’ या दोघांपुढे ‘मध्ये’ असा एकच अर्थ छापला होता. ‘हाझबॉन मॅद्यॅक’ असे म्हटले तर ‘घरातल्या घरात चालतो आहे’ असे काहीतरी ऐकू येते. घरी जायचे असल्याचे कुणाला कळत नाही.

यावर उपाय मराठीतच आहे. आपण ‘इथे बस’, ‘इकडे ये’, ‘इथून जा’ म्हणतो. हंगेरियनमध्ये तेच ‘इत्त’, ‘इदॅ’, ‘इन्नॅन’. प्रश्नही तीन आहेत: ‘होल’, ‘होवॉ’, ‘होन्नॉन’, म्हणजे कुठे, कुणीकडे, कुठून. वाक्य बोलण्याआधी मनात ‘इथे की इकडे’ एवढे विचारले की पहिले रूप घ्यायचे की दुसरे ते कळते. क्रियापद असणे, राहणे, बसून असणे, काम करणे यांपैकी असेल तर पहिले. जाणे, येणे, ठेवणे, ओतणे, बसायला जाणे यांपैकी असेल तर दुसरे.

आमचा आग्रह आहे की शिकवताना सुरुवात ‘आत’च्या संचापासून करू नये. जवळजवळ सगळी पाठ्यपुस्तके तिथूनच सुरू होतात. पण हंगेरियन माणूस घाईत बोलताना ‘-बॉन’मधला शेवटचा ‘न’ गिळतो, त्यामुळे ‘हाझबॉन’ आणि ‘हाझबॉ’ कानाला सारखेच लागतात. लेखनात हा ‘न’ गाळणे ही चूक समजली जाते, मात्र बोलण्यात ते सर्रास चालते. ज्याला फरकच पक्का करायचा आहे त्याच्या कानावर तो फरक पडतच नाही. ‘वर’च्या संचात ऑस्तॉलोन आणि ऑस्तॉलरॉ कधीच एकमेकांत मिसळत नाहीत. तिथे फरक पक्का करावा, मग ‘कडे’चा संच घ्यावा आणि ‘आत’चा सर्वांत शेवटी.

कोणत्या जागेला कोणता संच लागतो, हे मात्र तर्काने ठरत नाही. इथे इंग्रजी फसवते, मराठी निम्म्या वेळा मदतीला येते. आपण ‘स्टेशनवर’, ‘रस्त्यावर’ म्हणतो. हंगेरियनमध्येही आल्लोमाशोन, उत्सान, दोन्ही ‘वर’च्याच संचातले. बाजार (पिऑत्सोन), पोस्ट (पोश्तान) आणि विद्यापीठ (ॲद्यॅतॅमॅन) यांनाही ‘वर’ लागतो, आणि इथे मराठी साथ सोडते, कारण आपण ‘बाजारात’, ‘विद्यापीठात’ म्हणतो. शाळेला मात्र ‘आत’: इश्कोलाबॉन. असे पंधरा-वीस शब्द नामासकट पाठ करणे हाच मार्ग आहे.

गावांच्या नावांत तर वेगळीच गंमत आहे. परदेशी शहरांना ‘आत’चा संच लागतो: मुंबईबॉन, नाशिकबॉन, नागपूरबॉन, लोंडोनबॉन. हंगेरीतल्या बहुतेक गावांना ‘वर’चा: बुदॉपॅश्तॅन, सॅगॅदॅन. पण ‘न’, ‘न्य’, ‘म’, ‘इ’ यांनी संपणारी आणि ‘र’ने संपणारी काही हंगेरियन नावे पुन्हा ‘आत’कडे वळतात: दॅब्रॅत्सॅनबॅन, तिहॉन्यबॉन, द्योरबॅन. ‘वार’ म्हणजे किल्ला, तो शेवटी आला की परत ‘वर’: कॉपोशवारोन. आज रोमानियात असलेल्या क्लुजचे हंगेरियन नाव कोलोझवार. सरहद्द बदलली तरी त्याला ‘वर’च लागतो. पेच गावाचे ‘पेचॅत्त’ हे रूप एका जुन्या, आता मोजक्याच नावांत उरलेल्या प्रत्ययाचे आहे. देशांपैकी इंडियाबॉन, पण स्वतःच्या देशाला मॉद्यॉरोरसागोन. ज्या गावात राहायचे त्याचे तिन्ही रूपांत नाव निघण्यापूर्वीच पाठ असावे. तिकीट काढताना, पत्ता सांगताना, भाड्याने खोली शोधताना पहिल्या दिवसापासून तेच लागते.

प्रत्ययांना दोन-दोन रूपे का, याचे उत्तर स्वरसंगतीत आहे. ऑ, आ, ओ, उ हे मागचे स्वर. ॲ, ए, इ, यो, यु हे पुढचे. नामात मागचे स्वर असतील तर प्रत्ययातही मागचा, पुढचे असतील तर पुढचा. म्हणून हाझबॉन, पण ‘कॅर्त’ (बाग) याचे कॅर्तबॅन. काही प्रत्ययांना तिसरेही रूप असते: ‘-होझ’, ‘-हॅझ’ आणि गोल ओठांचे ‘-ह्योझ’, नामाच्या शेवटच्या अक्षरात ‘यो’ किंवा ‘यु’ असेल तेव्हा ते येते. ‘-एर्त’, ‘-इग’, ‘-केंत’, ‘-कोर’ यांना एकच रूप. ‘इ’ आणि ‘ए’ हे तटस्थ स्वर असल्यामुळे मागच्या स्वराबरोबर आले तर त्यांना मोजायचे नाही: ‘पॉपीर’ (कागद) याचे पॉपीरबॉन, ‘कावे’ (कॉफी) याचे कावेबॉन. नुसताच ‘इ’ असलेला शब्द साधारणपणे पुढचे रूप घेतो: ‘वीझ’ (पाणी), वीझबॅन. अपवाद काही डझन आहेत, त्यांत ‘हीद’ (पूल) हा रोज लागणारा: हीदोन, ‘हीदॅन’ नव्हे. ही संगती फार पूर्वीपासून अशी पक्की नव्हती. बाराव्या शतकाच्या अखेरच्या एका हंगेरियन अंत्यविधी-प्रवचनात ‘मरणाला’ यासाठी ‘हालालनेक’ असे बेसूर रूप आहे, आज ते ‘हॉलालनॉक’ झाले आहे. तेव्हा प्रत्यय शब्दाच्या जवळ आला होता, पुरता विरघळला नव्हता.

सामान्यरूप हा शब्द ज्याने शाळेत शिकला त्याला पुढचा भाग सोपा जावा. ‘ऑ’ने किंवा ‘ॲ’ने संपणाऱ्या नामाचा शेवटचा स्वर प्रत्ययापूर्वी लांब होतो: ऑल्मॉ (सफरचंद), ऑल्मात, ऑल्माबॉन, कॅफॅ (ब्रश), कॅफेत, कॅफेवॅल. अपवाद ‘-कोर’ आणि ‘-केंत’: ‘ओरॉ’ (तास) याचे ओरॉकोर, ‘ओराकोर’ चूक. दुसऱ्या गटातल्या नामांचा आतला स्वर आखूड होतो: वीझ, विझॅत, केझ (हात), कॅझॅत. मीठ-मिठात, दूध-दुधात हे आपल्या जिभेला ठाऊकच आहे. तिसऱ्या गटात आतला स्वर गळतो: बोकोर (झुडूप), बोक्रोत, जसे आपले कापूस-कापसाला. फरक एवढाच की मराठीत हा बदल सगळ्या प्रत्ययांपूर्वी होतो, हंगेरियनमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या गटांत तो मुख्यतः कर्माचा ‘-त’, अनेकवचन आणि स्वामित्वाचे प्रत्यय यांपूर्वी. म्हणून विझॅत, पण वीझबॅन. मराठीच्या सवयीने ‘विझबॅन’ लिहिण्याकडे हात वळतो, तो आवरावा.

म्हणूनच नाम पाठ करताना त्याचे ‘-त’ रूप सोबत पाठ करावे. हंगेरियन शब्दकोशात ते नामापुढेच दिलेले असते. ‘-त’च्या आधी जो जोडस्वर येतो तोच बहुधा अनेकवचनाच्या ‘-क’च्या आधी येतो: हाझॉत, हाझॉक, कॅझॅत, कॅझॅक, ‘लो’ (घोडा) याचे लोवॉत, लोवॉक. एक रूप नीट पाठ केले की बाकीची हाती लागतात. एक धोक्याची सूचना: ‘हाझॉत’ मराठी कानाला ‘घरात’सारखे वाटते, पण त्याचा ‘आत’शी काहीही संबंध नाही. ते ‘घर’ हे कर्म आहे. ‘घर पाहतो’ यातले घर. पहिल्या आठवड्यात ही गल्लत हटकून होते.

या ‘-त’बद्दल आणखी एक. मराठीत सजीव कर्माला ‘ला’ लागतो, निर्जीवाला बहुधा काहीच लागत नाही: ‘रामाला पाहिले’, पण ‘पुस्तक वाचले’. हंगेरियनमध्ये कर्म सजीव असो की निर्जीव, ‘-त’ लागलाच पाहिजे. कॅफेत कॉफी मागायची तर ‘कावेत केरॅक’. ‘कावे केरॅक’ म्हटले तर कॉफी मिळेल, वाक्य मात्र मोडके राहील. शिवाय कर्म निश्चित असेल, त्यापूर्वी ‘ती’ या अर्थाचा ‘ऑ’ आला, तर क्रियापदही बदलते: ‘ऑ कावेत केरॅम’. हा विषय क्रियापदाचा आहे, इथे एवढेच पुरे.

उलट चूक कर्त्याच्या बाजूने होते. ‘रामाने आंबा कापला’, ‘सुरीने आंबा कापला’ दोन्हीत आपण ‘ने’ लावतो. हंगेरियनमध्ये सुरीला ‘-वॅल’ लागतो, रामाला नाही. काळ कोणताही असो, कर्त्याला प्रत्यय नाही आणि क्रियापदाचे पुरुष व वचन नेहमी कर्त्याप्रमाणेच चालतात. रामाला ‘-वॉल’ लावला तर ‘रामाबरोबर’ असा अर्थ होतो.

‘-वॉल/-वॅल’ची घडण जवळून पाहण्यासारखी आहे, कारण लेखनातल्या बऱ्याच चुका इथे होतात. नाम व्यंजनाने संपत असेल तर प्रत्ययातला ‘व’ त्या व्यंजनात विरतो आणि व्यंजन दुप्पट होते. केश (सुरी), केश्शॅल; वोनॉत (आगगाडी), वोनॉत्तॉल; बुस (बस), बुस्सॉल; केझ, केझ्झॅल. स्वरान्त नामात ‘व’ टिकतो: ऑउतोवॉल (मोटारीने). ‘-वा/-वे’चेही तसेच: येग (बर्फ), येग्गे, म्हणजे ‘बर्फ होऊन’. दुहेरी व्यंजन नुसते लिहायचे नसते, उच्चारायचेही असते. ‘पका’ आणि ‘पक्का’ यांत जसा ठळक फरक आपण करतो तसाच.

तिसरा फसवा प्रत्यय आपला ‘ला’. तो कर्माला लागतो, देण्याला लागतो, गावाला जायलाही लागतो. ‘दादरहून कुर्ल्याला लोकलने जातो’ हे वाक्य घ्या. हंगेरियनमध्ये: दादरबोल कुर्लाबॉ वोनॉत्तॉल मॅद्यॅक. ‘हून’साठी आतून निघण्याचा प्रत्यय, ‘ने’साठी ‘-वॉल’ आणि ‘ला’साठी आत पोहोचण्याचा ‘-बॉ’. ‘ला’ म्हणजे ‘-नॉक’ असे एकदा डोक्यात बसलेले विद्यार्थी ‘कुर्लानॉक मॅद्यॅक’ म्हणतात. ‘नॅकिमॅद्य ऑ फॉलनॉक’ म्हणजे भिंतीवर आदळणे, हे लक्षात घेतले तर ऐकणारा का दचकतो ते कळेल. संस्कृतच्या धर्तीवरच्या आठ विभक्तींच्या तक्त्यात पोहोचण्याच्या जागेला स्वतंत्र घरच नाही. अपादानाच्या घरात तीन हंगेरियन प्रत्यय दाटीवाटीने बसतात आणि पोहोचण्याचे तीन बाहेरच राहतात. म्हणून तो तक्ता इथे बाजूलाच ठेवावा.

मग किमतीचे काय? आपण ‘शंभर रुपयांना घेतले’ म्हणतो. तिथे ‘-एर्त’: साझ फोरिन्तेर्त, म्हणजे शंभर फोरिंटला. ‘पावासाठी गेला’ यातल्या ‘साठी’लाही तोच, कॅन्येरेर्त.

षष्ठीचा ‘चा-ची-चे’ हंगेरियनमध्ये शोधू नये. खूण मालकाला न लागता वस्तूला लागते: ‘पेतॅर हाझॉ’ म्हणजे पेतॅरचे घर, शब्दशः ‘पेतॅर घर-त्याचे’. ‘माझ्या घरांत’ यासाठी एकच शब्द आहे, हाझॉइमबॉन: आधी घर, मग स्वामित्व आणि अनेकवचन, मग ‘माझे’, आणि विभक्ती सर्वांत शेवटी. हा क्रम कधीच बदलत नाही. अनेकवचनातही प्रत्यय तोच राहतो. ‘ला’चा ‘ना’ होतो तसे इथे काही होत नाही. ‘जवळ असणे’ या अर्थाचे क्रियापद त्यांच्याकडेही नाही. ‘मला दोन भावंडे आहेत’ हे ‘नॅकॅम केत तॅश्तवेरॅम वॉन’: मला, दोन, भावंड-माझे, आहे. इंग्रजीतून शिकणारा इथे बराच अडखळतो, मराठी माणसाने अडखळायचे कारण नाही. संख्येनंतर नाम मात्र एकवचनीच ठेवायचे: ‘केत हाझ’, दोन घर.

‘नॅकॅम’ या शब्दात आणखी एक गोष्ट दडली आहे. सर्वनामाला विभक्ती लावताना ‘मी’ हा शब्दच नाहीसा होतो आणि प्रत्यय स्वतःच शब्दाचे मूळ बनतो; त्याला ‘माझा’चे चिन्ह लागते. नॅकॅम (मला), वॅलॅम (माझ्याबरोबर), बॅन्नॅम (माझ्यात), नालॉम (माझ्याकडे आहे), त्योलॅम (माझ्याकडून), रोलॉम (माझ्याबद्दल). ‘मी’ला प्रत्यय जोडायला जाऊ नये, तसा शब्द होत नाही.

विशेषणाबाबत हंगेरियन मराठीपेक्षा सोपी. ‘मोठे’चे ‘मोठ्या’ होते तसे काही नाही, ‘नॉद्य’ हे नॉद्यच राहते: ऑ नॉद्य हाझबॉन. दर्शक सर्वनाम मात्र प्रत्यय घेते: ॲब्बॅन ऑ हाझबॉन, या घरात. भाषेत लिंगभेद नसल्यामुळे ‘ते टेबल की तो टेबल’ हा प्रश्नच येत नाही.

वेळेचे शब्द पाठ करावे लागतात, त्याला इलाज नाही. वाजण्याला ‘-कोर’: हॉतकोर, सहा वाजता. वारांना ‘वर’चा प्रत्यय: हेतफ्योन, सोमवारी, पण रविवारला काहीच नाही, नुसते वॉशारनॉप. महिन्यांना ‘आत’: यॉनुआरबॉन. ऋतूंपैकी उन्हाळा-हिवाळ्याला ‘वर’ (न्यारोन, तेलॅन) आणि वसंत-शरदाला चक्क ‘ने’ (तॉवॉस्सॉल, योस्सॅल). औषधाच्या सूचनांत हे सगळे एकत्र भेटते: ‘नॉपोन्तॉ हारोमसोर’ दिवसातून तीनदा, ‘हॉत ओरान्केंत’ दर सहा तासांनी, ‘हारोम नॉपिग’ तीन दिवस. शेवटच्यात आपण प्रत्यय लावत नाही, त्यांना ‘पर्यंत’चा ‘-इग’ लागतो. वैद्यकीय विद्यार्थ्यांनी हे तीन साचे पहिल्याच सत्रात तोंडपाठ करावेत.

सर्वांत जास्त वेळ मागणारा भाग प्रत्ययांचा नाही, क्रियापदांचा आहे. कोणत्या क्रियापदाला कोणता प्रत्यय हे प्रत्येक भाषेचे स्वतःचे असते. आपण कुत्र्याला घाबरतो, हंगेरियन माणूस कुत्र्यापासून: ‘फेलॅक ऑ कुत्यातोल’ (‘कुत्यॉ’चे आपल्या कुत्र्याशी साम्य निव्वळ योगायोगाचे). आपण बसची वाट पाहतो, तो बसवर थांबतो: ‘वारोक ऑ बुसरॉ’. भेटणे ‘-वॉल’ने, म्हणजे ‘त्याच्याबरोबर भेटलो’. अभिनंदन ‘-होझ’ने, बोलणे ज्याबद्दल त्याला ‘-रोल’, प्रेमात पडणे ‘-बॉ/-बॅ’ने. औषधाची ॲलर्जी ‘वर’ पोहोचण्याच्या रूपाने विचारतात: ‘ऑल्लॅर्गियाश वॉलॉमिरॅ?’, कशाची ॲलर्जी आहे का? उत्तरातही पेनिसिलिनला ‘-रॅ’ लागलाच पाहिजे.

शब्दकोशात क्रियापदापुढे ‘वॉलॉमि’ (काहीतरी) आणि ‘वॉलॉकि’ (कोणीतरी) यांची संक्षिप्त रूपे छापलेली असतात, त्यांना योग्य तो प्रत्यय लावून. बरेच विद्यार्थी ती ओलांडून थेट अर्थाकडे जातात. वहीत क्रियापद नुसते उतरवू नये. ‘फेल वॉलॉमित्योल’, ‘वार वॉलॉकिरॅ’ असे जोडीने उतरवावे आणि शेजारी मराठीतला प्रत्यय लिहून दोन्ही जुळत नसतील तिथे लाल रेघ मारावी. परीक्षेपूर्वी त्या लाल रेघा आधी वाचाव्यात, बाकीचे नंतर.

आपले विनीत,
हंगेरियन भाषेचे शिक्षक, दादर, मुंबई